कंपनीने सोडलेलं, लोकांनी धरलेलं

पीएसपी म्हणजे सोनीचं ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’. १२ डिसेंबर २००४ रोजी ते जपानमध्ये विक्रीला आलं, जवळजवळ दहा वर्षं चाललं आणि २०१४ मध्ये सोनीने त्याचा पुरवठा थांबवला. थेट त्या यंत्रावरून खेळ विकत घ्यायची शेवटची ऑनलाइन खिडकीही जुलै २०२१ मध्ये मिटली. कंपनीच्या वहीत हे खातं बंद झालं. बबीनातल्या आमच्या क्वार्टरमध्ये मात्र ते यंत्र अजून चार्जिंगला लागतं आणि त्यावर जे खेळ सगळ्यात जास्त खेळले जातात, ते सोनीने त्याच्यासाठी कधी काढलेच नव्हते. ते लोकांनी घरी बसून त्यावर उतरवले. अशा खेळांना होमब्रू म्हणतात.

बबीना झाशीच्या दक्षिणेला, ललितपूरच्या वाटेवर आहे. गाव लहान आणि छावणी मोठी. रणगाड्यांची छावणी म्हटल्यावर मराठी माणूस इथे नवा नाही. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र नगरला, त्यामुळे नगर आणि बबीना ही नावं रणगाडेवाल्यांच्या घरात एका दमात घेतली जातात. दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका बांधणाऱ्या घरात टीव्हीला जोडायचं मोठं कन्सोल म्हणजे एक खोकं वाढलं. खिशात मावणारं, नेटशिवाय चालणारं यंत्र अशा घरांना बरं पडतं.

यंत्र म्हणून पीएसपी आपल्या काळाच्या मानाने दांडगं होतं. ४.३ इंची आडवा पडदा, ४८० बाय २७२ ठिपके, ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा प्रोसेसर आणि पहिल्या मॉडेलमध्ये ३२ एमबी मेमरी. खेळ यायचे ते यूएमडी नावाच्या, प्लास्टिकच्या कवचातल्या चकतीवर. गंमत अशी, की हा प्रोसेसर ३३३ वर धावू शकत असूनही सोनीने सुरुवातीला खेळांना २२२ च्या पुढे जाऊ दिलं नव्हतं. तो लगाम अधिकृतपणे सुटला २००७ मध्ये. होमब्रूवाल्यांनी तो त्याआधीच सोडवला होता.

मुळात सोनीने हे यंत्र कुलूपबंद विकलं होतं. कंपनीची सही नसलेला प्रोग्रॅम त्यावर चालू नये, अशी व्यवस्था होती. पण जपानमधल्या पहिल्या यंत्रांतल्या १.०० आवृत्तीच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ते कुलूप नीट बसलंच नव्हतं आणि मे २००५ मध्ये कोणीतरी पहिला बिनसहीचा प्रोग्रॅम चालवून दाखवला. पुढची १.५० आवृत्ती आली, तर जूनमध्ये तीही फुटली. आधी त्यासाठी दोन मेमरी कार्डांची ऐन वेळी अदलाबदल करावी लागे. मग कळलं, की एकाच नावाची दोन फोल्डर करून त्यातल्या एकाच्या नावापुढे टक्क्याचं चिन्ह लावलं तरी काम होतं. कोट्यवधींच्या यंत्राची राखण एका टक्क्याच्या चिन्हाने हरली.

त्यानंतर काही वर्षं चोर-शिपायाचा खेळ चालला. सोनी नवं फर्मवेअर काढी, लोक नवी फट शोधत. एकदा फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून, एकदा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या सेव्ह केलेल्या फाइलमधून, एकदा ‘लुमिन्स’ नावाच्या कोड्याच्या खेळातून वाट निघाली. यात भामटेही घुसले. ऑक्टोबर २००५ मध्ये ‘फर्मवेअर खाली आणतो’ असं सांगणारा एक प्रोग्रॅम फिरला. तो यंत्रातल्या मूळ फाइलीच पुसून टाकायचा आणि पीएसपी कायमचं गार पडायचं.

अशी गार पडलेली यंत्रं उठवायचा उपाय ऑगस्ट २००७ मध्ये सापडला आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ती सर्वांत देखणी युक्ती आहे. पीएसपीच्या बॅटरीत एक बारकी चिप असते, तिच्यात बॅटरीचा अनुक्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक एका ठरावीक आकड्याने बदलला, की यंत्राला वाटतं आपण सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर आहोत. मग ते आपल्या आतल्या मेमरीकडे न बघता मेमरी स्टिकवर जे ठेवलं असेल ते चालवतं. कंपनीने आपल्या कारागिरांसाठी ठेवलेलं मागचं दार लोकांनी बॅटरीतून उघडलं. या बॅटरीला नाव पडलं ‘पँडोरा’. सोनीने पुढच्या मदरबोर्डांवर हे दार बुजवलं, पण तोवर डार्क अ‍ॅलेक्स या टोपणनावाच्या स्पॅनिश प्रोग्रॅमरची बदललेली फर्मवेअरं जगभर पोचली होती. आज तर एवढाही खटाटोप नाही. सोनीची शेवटची ६.६१ आवृत्ती टाकायची, तिच्यावर ‘इन्फिनिटी’ किंवा ‘आर्क-४’ चढवायचं, खेळाचं फोल्डर मेमरी स्टिकवरच्या ‘गेम’ फोल्डरमध्ये ठेवायचं. पाऊण तासाचं काम.

हे सांगताना एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ज्यांनी पीएसपीचं कुलूप फोडलं, त्यांतल्या पुष्कळांना होमब्रूशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फुकटचे चोरलेले खेळ हवे होते. आपल्याकडच्या बाजारात ‘मॉड केलेला’ पीएसपी विकला जायचा तो त्याच हेतूने. होमब्रूची मंडळी त्या गर्दीतली अल्पसंख्याक. पण गर्दी पांगली आणि ही मंडळी उरली.

ती उरली ती मुख्यतः ‘डूम’मुळे. १० डिसेंबर १९९३ रोजी आलेला हा खेळ ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी मेमरीवर चालायचा. आपल्याकडेही तो फ्लॉपीवरून या पीसीवरून त्या पीसीवर फिरला. त्याचे कर्ते जॉन कारमॅक आणि त्यांची आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी २३ डिसेंबर १९९७ रोजी त्याचा मूळ कोड जाहीर करून टाकला. दिला तो लिनक्स आवृत्तीचा, कारण डॉस आवृत्तीत आवाजासाठी वापरलेली लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती. पुढे १९९९ मध्ये तो जीपीएल या खुल्या परवान्याखाली आला, त्याच वर्षअखेरीस ‘क्वेक’चा कोडही आला. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’चा २००३ मध्ये, ‘क्वेक ३’चा २००५ मध्ये.

‘डूम’ची रचना अशी, की खेळ चालवणारं इंजिन वेगळं आणि नकाशे, चित्रं, आवाज यांची ‘वॅड’ फाइल वेगळी. इंजिन सी भाषेत लिहिलेलं. नव्या यंत्रावर न्यायचं तर पडदा, आवाज आणि बटणं यांच्याशी बोलणारा भाग नव्याने लिहायचा, बाकीचं बहुतेक तसंच राहतं. पीएसपीसाठी हौशी लोकांनी स्वतःचं कंपायलर आणि लायब्रऱ्यांचं सामान जमवलं होतंच. म्हणून ‘डूम’ त्यावर लवकर पोचला, आणि एकदा नव्हे, निरनिराळ्या लोकांच्या हातून पोचला.

बबीनाच्या माणसाला यात नवल वाटू नये. टी-७२ रणगाडा ज्या सोव्हिएत संघाने घडवला तो देश १९९१ मध्ये नकाशावरून गेला. रणगाडा आपल्याकडे चालत राहिला, कारण तो आवडी इथल्या कारखान्यात ‘अजेय’ म्हणून बनत होता. ड्रॉइंग आपल्याकडे होती, सुटे भाग घडवता येत होते, वर्कशॉपमध्ये उघडून बसणारे हात होते. यंत्राचं आयुष्य बनवणाऱ्यावर अवलंबून नसतं, ते ड्रॉइंग कोणाच्या हातात आहे त्यावर असतं.

प्रत्यक्ष खेळायला कसं वाटतं? ‘डूम’च्या बाबतीत, फार छान. मूळ चित्र ३२० बाय २०० चं, जुन्या चौकोनी मॉनिटरसाठी आखलेलं. पीएसपीचा पडदा लांबट. चित्र पूर्ण ताणलं तर राक्षस बुटके आणि रुंद दिसतात, प्रमाण राखलं तर मधले ३६२ ठिपके वापरात येतात आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. मी पट्ट्या ठेवतो. शेजारची मुलं ताणून खेळतात आणि मला म्हातारा ठरवतात. ‘डूम’मध्ये वर-खाली नेम धरावा लागत नाही. चालणं, वळणं, गोळी, दार उघडणं एवढ्यावर भागतं आणि तेवढी बटणं पीएसपीवर ऐसपैस आहेत.

‘क्वेक’ मात्र खरा अडतो. तो माऊसचा खेळ. पीएसपीला डावीकडे सरकणारी एकच गोल टिकली, उजवीकडे चार बटणं. टिकलीने चालायचं आणि त्रिकोण, गोल, फुली, चौकोन या बटणांनी मान हलवायची. वर उडणाऱ्या शत्रूवर नेम धरताना अंगठ्याची कसरत होते. इंजिन उत्तम उतरवलंय, पण हात जुळत नाहीत. ‘क्वेक ३’ चालतो हे बघायला मजा येते, खेळायला येत नाही. उलट ‘स्कमव्हीएम’ या प्रोग्रॅमवर चालणारे संथ, बोलके साहसी खेळ आणि ‘केव्ह स्टोरी’ या यंत्रासाठीच जन्मल्यासारखे वाटतात. दाइसुके अमाया या एकट्या माणसाने पाच वर्षं खपून ‘केव्ह स्टोरी’ केला आणि डिसेंबर २००४ मध्ये, म्हणजे पीएसपी आला त्याच महिन्यात, फुकट दिला.

कायद्याचं म्हणाल, तर इंजिन खुलं आहे, ‘वॅड’ नाही. विकत घेतलेल्या ‘डूम’ची फाइल वापरावी. नसेल तर पहिला भाग कंपनीनेच फुकट वाटण्यासाठी काढला होता, तो पुरतो. ‘फ्रीडूम’ या प्रकल्पाने तर नकाशे आणि चित्रंही नव्याने काढून खुली ठेवली आहेत. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा साहसी खेळ त्याच्या कर्त्यांनीच २००३ मध्ये मोफत केला. चोरी न करता महिनोन् महिने पुरेल एवढा शिधा आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. पीएसपीवर भारतीय खेळही आले होते. मुंबईच्या ट्राइन कंपनीचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० मध्ये आला, गल्लीतल्या क्रिकेटचा. खेळ म्हणून तो थोर नव्हता. पण आपल्या गल्ल्या, आपली बॅट आणि आपला आरडाओरडा कन्सोलवर आणणारे खेळ बोटांवर मोजण्याइतके आहेत. यूएमडीची चकती वाचणारी मोटर एक दिवस थकणारच. अशा खेळांचे हक्क आज ज्यांच्याकडे असतील, त्यांनी मूळ कोड कपाटात कुजवण्यापेक्षा जाहीर करावा. त्यातून कमाई होण्याचा काळ सरला आहे, आणि कोड खुला झाला तर कोणीतरी नगरचा किंवा झाशीचा पोरगा तो मोबाइलवर उतरवेल.

आणि तुमच्या माळ्यावर एखादा जुना पीएसपी पडला असेल, तर आज काढा. चार्जर लावण्याआधी मागचं झाकण उघडून बॅटरी बघा. बुंदेलखंडासारख्या उन्हाळ्यात राहिलेली लिथियम बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी आहे. फुगली असेल तर दाबू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या. बॅटरी नसली तरी यंत्र मूळ चार्जरवर चालतं. मेमरी स्टिक महाग आणि नकली फार, त्यापेक्षा मायक्रोएसडी कार्ड बसवायचा स्वस्त अडॅप्टर घ्या. आणि पहिला खेळ ‘डूम’च टाका.