पाण्याच्या वाटेवरची घरे

पुण्यात घराचा पत्ता सांगताना पेठ सांगतात, मुंबईत स्टेशन सांगतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरात पत्ता सांगून झाला की लगेच पाण्याचे सांगावे लागते. भाड्याची खोली पाहायला आलेला विद्यार्थी असो, नाही तर जन्माची पुंजी गाठीशी बांधून बंगला शोधणारे निवृत्त गृहस्थ असोत, 'खोल्या किती?' हा प्रश्न मागून येतो. आधी विचारायचे ते, 'पाण्याचे कसे काय?' बाहेरच्या माणसाला याचे हसू येते. पण या गावची घरे पाहायची तर याच प्रश्नाचे बोट धरून पाहावी लागतात.

मूळ गावाचे नावच मुळी खडकी. मलिक अंबराने १६१० मध्ये इथे राजधानी वसवायला घेतली, तेव्हा खाली खडक आणि जवळून वाहणारी लहानशी खाम नदी, एवढेच भांडवल होते. पण माणूस जिद्दीचा! डोंगराच्या पायथ्याशी मुरलेले पाणी त्याने जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि खापराच्या नळांतून गावात खेळवले. हीच ती नहर. वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोरे उभारले; त्यांना आम्ही बंब म्हणतो. पाणी बंबात वर चढते, नळात कोंडलेली हवा मोकळी होते आणि पाणी उतरून पुढच्या वाटेला लागते. ना पंप, ना मोट, ना बैल. नुसत्या उताराच्या जोरावर पाणी हौदाहौदांतून पोचत असे. पुढे गावाचे फतेहनगर झाले, १६५३ मध्ये औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नाव तीन वेळा बदलले, पण पाण्याचा प्रश्न काही आपली जागा सोडायला तयार नाही.

मोगलांबरोबर राजपूत सरदार आले आणि त्यांचे तळ पडले तिथे पुरे वसले. जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा ही नावे आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. त्यामुळे इथल्या घरांत एकच एक ठसा सापडत नाही. एका बोळात मराठी वाडा, पुढच्या वळणावर उंच कमानीची देवडी, तिला खेटून कारागिराचे दोन खणांचे घर, आणि एखाद्या घरात हिमरू विणणाऱ्याचा खड्ड्यातला माग, असा हा संसार. बावन्न दरवाज्यांचे शहर म्हणून पाहुणे दरवाज्यांचे फोटो काढतात. दरवाज्याच्या आतल्या घरांकडे मात्र फारसे कोणी मान वळवून पाहत नाही.

गुलमंडीच्या आसपासच्या एखाद्या उरल्यासुरल्या वाड्यात जाऊन पाहावे. ढेलजेतून आत शिरताच उन्हाचा कढ बाहेर राहतो. मधे फरसबंद चौक, चारी बाजूंना ओसरी, सागवानी खांब आणि भिंती चांगल्या हात-दीड हात जाडीच्या. भिंतीत देवळ्या, कोनाडे, आणि धान्याचे बळद. छत माळवदाचे. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या वर गेला तरी माळवदाखाली दुपारची झोप लागते, हे सांगून पटायचे नाही; अनुभवूनच पाहायला हवे. मात्र मृगाच्या आधी माळवदावर नवी माती पसरली नाही, तर पावसाळ्यात घरातली सगळी भांडी गळक्या जागांखाली मांडण्याची पाळी! आणि या सगळ्याच्या मधोमध, चौकात, हौद किंवा आड. बायकांची धुणी, मुलांची आंघोळ, उन्हाळ्यातली गार हवा आणि घरातले निम्मे भांडण, सारे त्याच्याच काठावर.

पाणी आणि निवारा यांची सांगड किती दूरवर नेता येते, हे पाहायचे असेल तर पाणचक्कीला जावे. लोक तिथे चक्कीचे फिरते जाते पाहतात, माशांना चणे टाकतात आणि परततात. पण खरी करामत हौदाच्या पोटात आहे. त्या भल्यामोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत. वर पाणी आणि खाली उन्हातून आलेला यात्रेकरू विसावलेला! वीज नसलेल्या काळातली ही थंडाई एखाद्या अमीराच्या महालात नव्हे, फकिराच्या दर्ग्यात केलेली आहे, हे मला अधिक मोलाचे वाटते.

वाड्यांचे हे कौतुक ऐकून कोणी लगेच माळवद घालायला निघेल, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती बहुतांशी अशाच दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून. तेव्हापासून मराठवाड्यातला शहाणा माणूस जुन्या भिंतींकडे कौतुकाने पाहतो, तसा धास्तीनेही पाहतो. ज्यांनी वाडे पाडले त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांत राहणे सोपे नव्हते.

कारखाने आले, आणि गाव तटाबाहेर धावू लागले. १९७० नंतरच्या काळात सिडकोने आखीव वसाहती उभ्या केल्या. एन-पाच, एन-सात, एन-आठ, अशी रुक्ष नावे! पण त्यांनी कारकुनाला, मास्तराला, कामगाराला स्वतःचे दार दिले. एका सरळ रेषेतली बैठी घरे, पुढे चिमूटभर अंगण, त्यात लोकांनी हौसेने लावलेला पारिजातक किंवा कढीलिंब. पुढे त्यावर मजले चढले, अंगणात गाडी आली, आणि गाडीच्या खाली, फरशीच्या आत, पाण्याची टाकी गेली. वाड्यातला हौद उघड्यावर होता. इथला झाकणाखाली दडला, एवढाच फरक.

पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरे झाले, तेव्हा आता गोदावरीच दारी आली असे आम्हांला वाटले. पण गोदावरी खाली आणि शहर वर. मलिक अंबराचे पाणी उताराने येई; आमचे पाणी पन्नासेक किलोमीटर ढकलत आणि चढवत आणावे लागते. मधली कित्येक वर्षे नळ चार-चार, आठ-आठ दिवसांनी वाहत राहिला. कुंपणावरून शेजारणीला 'जेवण झाले का?' असे विचारण्याऐवजी 'पाणी आले का?' असे विचारण्याची रीत पडली. दिवाळीची साफसफाई पंचांगापेक्षा नळाच्या वेळापत्रकावर ठरू लागली.

तरीही इथे बदलून आलेला माणूस सहसा परत जायला तयार नसतो. दिवसभर तापलेले गाव रात्री पठारावरच्या वाऱ्याने निवते. पेन्शनरांना परवडेल अशा भागात अजून झाडे आहेत. मराठी आणि दखनी एकाच वाक्यात नांदतात, नान-खलियाचा वास आणि कर्णपुऱ्याच्या देवीची नवरात्रातली गर्दी एकाच गावच्या वाट्याला येते. सुट्टीत पाहुणे आले की अर्ध्या दिवसात वेरूळ दाखवून आणता येते, हा यजमानीणबाईंच्या दृष्टीने लहान फायदा नव्हे.

खंत आहे ती वेगळीच. नहरीचे बोगदे आणि नळ जिथून जातात, त्या वाटेवर नव्या इमारती उभ्या राहिल्या. कुठे पायाने नहर फुटली, कुठे तिच्यात सांडपाणी मिसळले. म्हणजे एकाच भूखंडावर खाली चारशे वर्षांची पाण्याची वाट बुजवायची, आणि वर राहायला आलेल्यांसाठी टँकर मागवायचा! जुना वाडा विकणाऱ्या वारसांचा हिशेब मला समजतो. वाटण्या सात झाल्या की चौकाचे तुकडे होत नाहीत. पण त्या चौकातला आड भर घालून बुजवण्याऐवजी पावसाचे पाणी त्यात सोडता येते, आणि त्याला खर्चही फार येत नाही. काही घरांनी हे केलेही आहे. गच्चीवरून उतरलेला नळ सरळ जुन्या आडात सोडलेला असतो, वर लोखंडी जाळी, आणि जाळीवर घरच्या मालकिणीने वाळत घातलेल्या सांडग्यांचे ताट.