साकुरीची सायकलफेरी

राहात्याचा मुलूख मूळचा अवर्षणाचा. पेरूच्या बागा दिसतात ती गोदावरीच्या उजव्या कालव्याची कृपा. सायकलफेरीस सूर्योदयापूर्वीं निघावें व नगर-मनमाड हमरस्ता शक्य तों टाळावा. शिर्डीच्या यात्रेकरूंच्या मोटारी तेथें फार. जवळच साकुरी आहे. १९४१ सालीं समाधिस्थ झालेल्या उपासनीमहाराजांनीं स्थापिलेल्या कन्याकुमारी स्थानांत कन्या स्वतः यज्ञकर्म करतात, सस्वर वेदमंत्र म्हणतात. सुनांनीं सायकलवर बसावें कीं नाहीं, हा खल ज्या घरांत अद्यापि चालतो, तेथील वडीलधाऱ्यांनीं एक सकाळ येथें अवश्य घालवावी! दमदारांनीं पुढें गोदाकांठीं पुणतांब्यास चांगदेवांच्या समाधीपर्यंत जावें. कालव्याच्या अगदीं कडेनें मात्र मुलांस सायकल हांकूं देऊं नये; पाणी सुटलें म्हणजे ओढ जबर असते.