आयनांचं शंटिंग

सोन्याच्या पट्ट्या बसवलेली एक चिप आणि तिच्यापासून ४० मायक्रोमीटर उंचीवर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर, मॅग्नेशियमचा एक आयन अधांतरी. ‘हवेत’ म्हणायची सोय नाही, कारण तिथली हवा जवळपास सगळी उपसलेली असते. अमेरिकेत बोल्डरच्या ‘निस्ट’ प्रयोगशाळेने २००६ मध्ये हे करून दाखवलं.

आयनावर विद्युतभार असतो, तेव्हा चहूबाजूंनी विद्युतदाब देऊन त्याला कोंडायचं, हे सोपं वाटतं. पण स्थिर विद्युतक्षेत्रात तो टिकत नाही, कुठल्या ना कुठल्या बाजूने निसटतोच. हे गणितज्ञ अर्नशॉने १८४२ मध्येच सिद्ध केलं होतं. त्यावर भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउल यांनी तोड काढली. घोड्याच्या खोगिरावर गोटी ठेवा, ती घरंगळते. तेच खोगीर योग्य वेगाने गरगर फिरवलं, तर खाली पडायच्या आत उताराचा चढ होतो आणि गोटी जागीच थरथरत राहते. इथे खोगिराच्या जागी सेकंदाला काही कोटी वेळा उलटसुलट होणारा विद्युतदाब. पाउल यांना १९८९ चं नोबेल मिळालं.

त्यांचे सापळे धातूचे जाडजूड तुकडे जोडून बनत. आता सगळे इलेक्ट्रोड एकाच सपाटीवर, संगणकाच्या चिपसारखेच छापून काढतात. फायदा असा की, पट्ट्यांवरचा दाब क्रमाने बदलला की आयन पुढे सरकतो, थांबतो, दुसऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो. दोन आयन एकमेकांना ढकलत असल्यामुळे त्यांच्यात काही मायक्रोमीटरची फट आपोआप राहते. क्वांटम संगणकात असा प्रत्येक आयन म्हणजे माहितीचं एक एकक, क्युबिट. जोडीचं गणित झालं की ती तोडायची, एकाला बाजूच्या रुळावर घ्यायचं. रेल्वे यार्डातलं शंटिंगच हे! क्वांटम संगणकासाठी ही रचना २००२ मध्ये कागदावर मांडली गेली. ‘क्वांटिनम’ कंपनीच्या लंबगोल धावपट्टीसारख्या चिपवर २०२४ मध्ये असे ५६ क्युबिट चालत होते.

क्वांटमचं कौतुक करताना आपण आयनांना हाताळणाऱ्या लेझरबद्दल भरभरून बोलतो. माझ्या मते खरी डोकेदुखी त्या सोन्याची आहे. आयन पृष्ठभागाच्या जितका जवळ, तितका तिथल्या विद्युत गोंगाटाने तो हादरतो, तापतो. अंतर निम्मं केलं तर हा त्रास दुप्पट नव्हे, अनेक पटींनी वाढतो. आणि बराचसा गोंगाट येतो तो सोन्यावर बसलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या मळातून. २०१२ मध्ये बोल्डरच्याच शास्त्रज्ञांनी आर्गॉन आयनांचा मारा करून ते सोनं घासून काढलं, तेव्हा तापण्याचा वेग सुमारे शंभर पटीने घटला.