भरतीसाठी धावणारी आपली मुले



पहाटे साडेपाचला अलिबाग-रेवदंडा रस्त्याने गेलात तर अंधारात धावणारी मुले-मुली दिसतील. त्यांत काही आपल्या कातकरी वाड्यांवरची आहेत. पोलीस भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. एकट्या त्या धावेला २० गुण. ज्या घरात आजवर कोणी महिन्याचा पगार आणला नाही, त्या घराची आशा या २० गुणांवर असते. त्यामुळे ‘धावू नका’ असे आम्ही म्हणूच शकत नाही. कसे धावावे, एवढे मात्र सांगत राहतो.

सर्वांत मोठा धोका दमट उकाड्याचा. नुसता घाम आल्याने अंग गार होत नाही, तो वाळला की होते. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात हवेतच इतकी ओल असते की घाम ओघळतो, वाळत नाही. पारा ३४ वर दिसतो आणि धावणाऱ्याचे शरीर मात्र आतून तापत जाते. मैदानी प्रदेशात ४० अंशांवर उष्णतेच्या लाटेचा विचार करणारे हवामान खाते किनाऱ्यावर ३७ अंशांवरच तो करते, ते उगाच नाही. १६ एप्रिल २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात, खारघरला, उघड्यावर बसलेल्या लोकांपैकी १४ जण उन्हामुळे दगावले. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना तरणीताठी मुले गेली.

आपल्या मुलांची अडचण आणखी वेगळी आहे. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते, पावसाच्या तोंडावर परतते. काम कष्टाचे असले तरी धावण्याचा सराव तुटतो. मग जाहिरात आली की सगळे आठ दिवसांत भरून काढायची घाई. उकाड्यात धावण्याची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात निम्मेच अंतर, तेही शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने.

मागच्या वर्षी एक मुलगा उपाशीपोटी धावून आला आणि काहीबाही बरळू लागला. बाकीची हसली, त्यांना चेष्टा वाटली. मी त्याला पाणी पाजायला गेलो, तेही चुकलेच. विहिरीवरून येणाऱ्या एका आजीने डोक्यावरची कळशी सरळ त्याच्या अंगावर रिकामी केली. आम्हा शिकलेल्यांच्या आधी तिला सुचले! अंग तापलेले आणि बोलणे असंबद्ध, म्हणजे उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

आता मुले मीठ घातलेली पेज पिऊन निघतात. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणीही करून घेतो. सिकलसेलचा वाहक एरवी धडधाकट असतो, पण उन्हात, अंगात पाणी कमी असताना जिवाच्या आकांताने धावला तर कोसळू शकतो.

रस्त्यावर उजव्या कडेने धावावे, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. शाळेतल्या ‘डावीकडून चाला’मुळे हे पटवायला मला महिना लागला. कानात हेडफोन नको. पावसाळ्यात बॅटरी हवीच, पायाखाली फुरसे येते.

किनारा त्या मानाने बरा, ओहोटीची ओली वाळू घट्ट असते. पण ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. आज मोकळी असलेली पुळण पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पाण्याखाली असेल. भरतीच्या उमेदवारांनी भरतीची वेळ खेकडे धरायला जाणाऱ्या आपल्या आयांना विचारावी. आणि आभाळ गडगडले की सुरूच्या बनात थांबू नये, पक्के घर गाठावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

बूट पाठवू का, असे अनेकजण विचारतात. बूट हवेतच, पण त्याआधी उजेडात चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे द्यावीत. आणि मंडळीतील कोणी सायकलवर पाण्याचा कॅन बांधून मुलांच्या मागे यायला तयार असेल, तर आम्ही रोज सव्वापाचला वाडीवरून निघतो.