दहा हजारांत एक, आणि त्या आकड्याबाहेरचे

१३ दिवस. कुष्ठरोगाच्या एका जंतूचे दोन व्हायला साधारण एवढा वेळ लागतो. पटकीचा जंतू हेच अर्ध्या तासाच्या आत उरकतो. म्हणून कुष्ठरोगात संसर्गापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षे जातात, कधी २० सुद्धा. तोवर कुणापासून झाला याचा माग कोण काढणार? पूर्वजन्मीच्या पापाची समजूत यातूनच पोसली गेली. नॉर्वेच्या हॅन्सन यांना १८७३ मध्ये जंतू सापडला, तरी ती पुरती गेलेली नाही.

या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात : त्वचा, नाक, कातडीलगतच्या नसा. कोपराजवळची नस सुजली की आधी करंगळी बधिर होते, मग शेजारचे बोट, मग दोन्ही वाकतात. गुडघ्याखालची नस गेली की पाऊल लोंबते. चुलीवरचे भांडे उचलताना चटका कळत नाही. काटा रुतला तरी माणूस चालत राहतो. बोटे आपोआप झडत नाहीत. न कळलेल्या जखमा चिघळून हाडापर्यंत जातात. औषधाने जंतू मरतो, मेलेली नस मात्र परत येत नाही; म्हणून रुग्ण लवकर गाठावा लागतो.

वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरुग्ण परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतः करत. ती सेवा थोरच. पण रोगाच्या दृष्टीने १९५१ नंतरचे काम मला अधिक मोलाचे वाटते. वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनमध्ये डॉ. वारदेकरांनी रुग्णाची वाट पाहणे सोडले. कार्यकर्ते घरोघर जाऊन अंग तपासू लागले, लोकांना समजावू लागले, आणि रुग्णाला घरातून न हलवता डॅप्सोनच्या गोळ्या सुरू झाल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार (एकाच वेळी अनेक औषधे) देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांतही वर्धा होता.

१९८१ मध्ये देशात दर दहा हजारांमागे ५७.६ रुग्ण होते. २००५ च्या अखेरीस हे प्रमाण १ च्या खाली आले. यश मोठे आहे, पण हा आकडा जपून वाचावा. त्यात फक्त मोजणीच्या दिवशी औषध घेत असलेले मोजले जातात. उपचार ६ किंवा १२ महिन्यांवर आल्यावर नावे नोंदवहीतून लवकर उतरली, आणि तेवढ्यानेही प्रमाण घटले. वाकडा हात घेऊन जगणारा बरा झालेला माणूस त्यात नाहीच. २०२३ मध्ये जगभर सापडलेल्या १ लाख ८२ हजारांवर नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले होते.

त्यामुळे जिल्ह्याला विचारायचे ते हे : नव्या रुग्णांत मुले किती, आणि निदानाच्या दिवशीच हातपाय वाकलेले किती? पहिल्या आकड्यावरून संसर्ग अजून चालू असल्याचे कळते, दुसऱ्यावरून आपण किती उशिरा पोचलो ते. नस दुखू लागल्यापासून सहा महिन्यांत सूज उतरवणारे प्रेडनिसोलोन मिळाले, तर ती बऱ्याचदा वाचते. आणि बधिरता तपासायला लागते बॉलपेनचे टोक : डोळे मिटायला सांगायचे, तळहाताला हलकेच टेकवायचे, कुठे टेकले ते बोटाने दाखवायला सांगायचे.