खाण थांबली, आता शेत सावरू या



गोव्याच्या डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत खाण आणि भातशेत यांच्यामध्ये पुष्कळदा एका ओहोळाचेच अंतर असते. एक टन लोहखनिज काढायचे तर अडीच-तीन टन माती बाहेर टाकावी लागते. तिचे डोंगर झाले आणि पावसाने ते धुऊन शेतात आणले. डिचोलीतल्या शिरगावात खोल खड्ड्यांचे पाणी उपसल्याने विहिरी आणि झरे आटले.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८ मध्ये खाणकाम थांबले. पुढे लिलाव होऊन काही ठिकाणी ते सुरूही झाले. पण खाण बंद पडली म्हणून शेत आपोआप सुधारत नाही. उघडा ढिगारा दर पावसाळ्यात वाहतच राहतो. म्हणून कामाचा क्रम चुकवू नका.

आधी ढिगारा थोपवा. पायथ्याशी चर आणि दगडी बांध हवा. गढूळ पाणी आधी तळीत निवळावे, मग ओहोळात जावे. उतारावर वाळा आणि स्थानिक गवत लावा, मागून काजू व रानातली झाडे. नुसता अकेशिया लावून रान उभे राहत नाही. हे काम खाणमालकाचे आहे. ग्रामसभेत ठराव करून ते मागा.

दुसरे, पावसाआधी ओहोळातला गाळ उपसा. मात्र तो काठावर ठेवू नका, पहिल्याच सरीत परत आत येतो.

मग शेताकडे वळा. गाळाचा थर बोट-दोन बोटे असेल तर शेणखत घालून नांगरटीत मिसळा. जाड असेल तर खरवडून बाहेर काढा. माती तपासून घ्या आणि आम्लता निघाली तर अहवालात सांगितला तेवढाच चुना घाला. धैंचा पेरून फुलावर येण्याआधी, सुमारे ४५ दिवसांनी, चिखलात गाडा. भाताच्या खालच्या पानांवर टोकाकडून तांबूस ठिपके दिसू लागले, तर लोह जास्त झाल्याची शंका घ्या. पाणी तुंबू देऊ नका, अधूनमधून निचरा करा आणि पालाश कमी पडू देऊ नका.

आता खड्ड्यांतल्या पाण्याविषयी. उन्हाळ्यात टंचाई पडली तेव्हा खाणींतले पाणी खांडेपार नदीत सोडून ओपा प्रकल्पातून शहरांचे नळ चालवले गेले आहेत. शहराची तहान भागावी, त्याला कोणाची ना नाही. पण ज्या गावाच्या विहिरी आटल्या, त्या गावाच्या वायंगणी भातालाही त्यात वाटा हवा. पाणी तपासून घ्या, मगच वापरा. खड्ड्याच्या कडा ठिसूळ आणि उभ्या असतात. कुंपण होईपर्यंत मुलांना आणि गुरांना तिकडे फिरकू देऊ नका.

एका हंगामात हे साधणार नाही. यंदा एक कुणगा हाती घ्या आणि पीक कसे येते ते पाहून पुढच्याला हात घाला. पण ओहोळ सर्वांचा आहे, त्याचे काम सर्वांनी मिळूनच करा.