पायाळू मूल आणि शेवटचे महिने

पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाला भूमिगत धन दिसते, त्याची लाथ लागली की उसण उतरते, अशा समजुती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. परंतु त्याला जन्म देताना मातेवर जो प्रसंग गुदरतो, त्याचा विचार त्या समजुतींत कोठेच नाही. गर्भारपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात सुमारे चारांतील एक गर्भ असा उलटा, डोके वर असलेला, असतो. बहुतेक आपोआप डोके खाली करतात, आणि दिवस भरताना शेकडा 3 ते 4 च तसे उरतात. अशा वेळी, साधारणतः 37 व्या आठवड्यात, सोनोग्राफीने वार व गर्भजल यांची खातरजमा करून आणि बहुधा गर्भाशय शिथिल करणारे औषध देऊन, अनुभवी डॉक्टर पोटावरून हातांनी मूल हळूहळू फिरवतात. सुमारे निम्म्या प्रयत्नांत यश येते. हे कर्म तत्काळ शस्त्रक्रियेची तजवीज असलेल्या रुग्णालयातच व्हावे, घरी पोट चोळून घेण्याचा आग्रह कोणी धरू नये, असे मी कळकळीने सांगतो. कारण वार सुटण्याचा धोका विरळा असला तरी खरा आहे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डीचे इंजेक्शनही लागते. एरवी या शेवटच्या महिन्यांत लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाची नियमित तपासणी, कुशीवर निजणे एवढे सांभाळावे. आणि बाळाची हालचाल मंदावल्यास, सकाळची वाट न पाहता, त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.